भाकरी आणि पाणी

आमच्या चांदवडकडे बाजरीची भाकरी रोजची. थापताना ती मोडली, की सुनेला बोल लागतो. पण दोष हाताचा, की पाण्याचा?

गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो. पाण्याने मळले, की पोळी लाटता येते. बाजरीत तसा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ जुने झाले, विरी गेले, की आधणाचे पाणी घालावे. जरा निवू द्यावे, मग मळावे. कढत पाण्याने पिठातले सत्त्व फुगते, चिकट होते. भाकरी मोडत नाही.

तव्यावर टाकली, की वरून पाण्याचा हात फिरवावा. म्हणजे ती वाळून तडकत नाही. आतल्या पाण्याची वाफ होते. वाफ पापुद्रा उचलते, भाकरी टम्म फुगते.

तेव्हा सुनेला बोलण्याआधी चुलीवर आधण ठेवून बघा.