राजाचा मुखवटा, 'जय हिंद'चा शिक्का

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण पाकिटावरचा इंग्लंडचा राजा जागचा हलला नाही. सहाव्या जॉर्जच्या तिकिटांचा साठा पोस्टात पडून होता आणि नवी तिकिटे तयार नव्हती. टपाल खात्याने तोडगा काढला: 'जय हिंद'चा शिक्का केला आणि तो थेट राजाच्या तोंडावर उमटवला!

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट निघाले २१ नोव्हेंबरला. साडेतीन आणे किंमत, फडकता तिरंगा आणि देवनागरीत 'जय हिंद'. पण ते परदेशी टपालासाठी होते. देशातल्या साध्या पत्राला लागणारे दीड आण्याचे, अशोकस्तंभावरच्या सिंहांचे तिकीट यायला १५ डिसेंबर उजाडला. म्हणजे खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीतून कुणी मुंबईला पत्र धाडले असेल, तर स्वातंत्र्याचे पहिले चार महिने त्यावर राजाच असणार. कायद्याने तर तो २६ जानेवारी १९५० पर्यंत आपला राजा होताच.

अशा दोन राजवटींच्या सांध्यावरची पाकिटे जमवणे हा तिकिटे जमवण्यापेक्षा वेगळा नाद आहे, आणि माझ्या मते अधिक रंगतदार. इथे कोरे तिकीट दुय्यम. तिकीट, शिक्का, तारीख आणि पत्ता एकत्र असले तरच मजा. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता संपली, भारतीय तिकिटे २९ डिसेंबरला आली आणि जुनी ५ जानेवारीपर्यंत चालली. या आठवडाभरातले पाकीट हाती लागले तर संग्राहक हरखतो. स्पेनमध्येही हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये गेला, तरी त्याच्या चेहऱ्याची तिकिटे पुढे वापरात राहिलीच.

आपल्याकडे पत्तादेखील बोलतो. 'मुंबई राज्य' लिहिलेले पत्र बहुधा १ मे १९६० पूर्वीचे, 'ता. खालापूर, जि. कुलाबा' असेल तर बहुतेक १९८१ च्या आधीचे, कारण त्या वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. सहा आकडी पिनकोड दिसला, तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे हे नक्की.

कर्जत-खालापुरातली जुनी घरे पाडून इमले उठताहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा सापडला, तर तिकिटे कापू नका आणि पाण्यात भिजवून सोडवू तर मुळीच नका. पाकीट आहे तसे, आतल्या पत्रासकट ठेवा.