धूम्रपानाची कैफियत

घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात किंवा मुलुंडच्या कामगार विमा रुग्णालयात धाप लागते म्हणून येणाऱ्या प्रौढ पुरुषास डॉक्टर बिडी-सिगारेटीविषयी विचारतात, तेव्हा ‘सोडली, साहेब’ एवढे सांगून तो विषय आपल्यापुरता निकालात काढतो. वस्तुतः किती ओढली, किती वर्षे ओढली आणि सोडून किती काळ लोटला, या तीन बाबींची नोंद झाल्यावाचून त्याच्या फुफ्फुसाची कैफियत पुरी होत नाही. चाळीत ज्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात, त्यात पुष्कळदा सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे आकसण्याचा विकार, दडलेला असतो.

वैद्यकाची मोजणीची रीत अशी, की रोज वीस सिगारेटी वर्षभर ओढल्यास ते एक ‘पॅक-इयर’. म्हणजे रोज दहा याप्रमाणे तीस वर्षे ओढणाऱ्याच्या खाती पंधरा जमा होतात. हे माप बिडीला मात्र नीट लागू पडत नाही. बिडीत तंबाखू थोडी असली तरी टेंभुर्णीचे पान हवा खेळू देत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी झुरके वारंवार व खोल घ्यावे लागतात. बिडी ही गरिबाची निरुपद्रवी चैन होय, हा समज आपल्या सुशिक्षितांनीच फार काळ जोपासला. पण १९९१ पासून मुंबई शहरातील सुमारे दीड लाख रहिवाशांची नोंद घेऊन डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत बिडी ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सिगारेटवाल्यांहूनही अधिक आढळला.

‘झाले ते नुकसान झाले, आता सोडून काय उपयोग?’ हा हताश प्रश्न मात्र शास्त्राला मान्य नाही. लंडनमधील ७९२ पुरुषांचा आठ वर्षे मागोवा घेऊन फ्लेचर व पेटो या संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिले, की गमावलेली श्वासशक्ती फारशी परत येत नसली तरी धूम्रपान थांबताच पुढील ऱ्हासाचा वेग जवळजवळ सामान्य माणसाइतका मंदावतो. आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, ओढत राहिलेल्या पुरुष रुग्णांची श्वासक्षमता दरसाल सुमारे ६६ मिलिलिटरने घटली, तर सोडून दिलेल्यांची अवघी ३० ने. औषधाचे गणितही याच इतिहासावर बेतलेले असते. धुरामुळे थिओफिलिन हे धापेवरील औषध शरीरातून लवकर निघून जाते, सबब बिडी सोडताच तीच मात्रा रक्तात साचून अपायकारक ठरू शकते. म्हणून बिडी सोडल्याची वार्ता घरच्यांआधी डॉक्टरांच्या कानी घालावी.

शिवाय आपल्या उपनगरांत धूर एकटा नसतो. घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात ब्रेकच्या अस्तरांसाठी अॅस्बेस्टॉस वापरले जाई. अॅस्बेस्टॉसच्या धुळीत राबलेल्या कामगारास धूम्रपानाची जोड मिळाली म्हणजे धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो: अमेरिकेतील उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या कामगारांच्या १९७९ च्या अभ्यासात फुफ्फुसाच्या कर्करोगाने येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण केवळ धुळीने सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानाने सुमारे दसपट, तर दोहोंनी मिळून सुमारे पन्नासपट भरले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हुकूम दिला, की अॅस्बेस्टॉस-कामगाराच्या आरोग्याचे दप्तर नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जतन करावे. त्या दप्तरात बिडीची नोंदही हवी, असे मला वाटते. उलटपक्षी, जन्मात बिडीला न शिवलेल्या परंतु गावी चुलीपुढे आयुष्य काढून मुलाकडे अंधेरी-बोरिवलीस आलेल्या आजीबाईंनाही सीओपीडी जडतो; त्यांना धूम्रपानाचा एकच प्रश्न विचारून सोडून देणे हा अन्यायच होय.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेस केसपेपर काढण्यापूर्वी बिडी की सिगारेट, रोज किती, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या कारखान्यात काम केले व घरी चूल होती काय, हे एका चिठ्ठीवर लिहून न्या, आणि श्वासक्षमता मोजणारी स्पायरोमेट्री तपासणी आपल्याला हवी काय, हे न संकोचता विचारा.