मच्चान म्हणजे कोण?

आपल्या वसतिगृहात मित्राला ‘भावा’ म्हणून हाक मारतात. माझे आजोळ तंजावर जिल्ह्यात, तिरुवैयारूजवळच्या खेड्यात आहे. तिथे कावेरीच्या पाटात पोहायला जमलेली मुले ‘एन्ना मच्चान!’ म्हणतात, म्हणजे ‘काय मच्चान!’ समोरून ‘वा माप्ळे!’ येते; ‘वा’ म्हणजे ‘ये’. ‘वणक्कम’ हा नमस्कार पाहुण्यांसाठी आणि गुरुजींसाठी. जिवलग मित्राला वणक्कम केलात, तर तो विचारील, ‘रागावलास का रे?’

मच्चान म्हणजे मेहुणा: बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, शिवाय मामेभाऊ आणि आतेभाऊसुद्धा. तिकडे चुलत व मावस भावंडे सख्ख्यासारखी मानतात. मामा-आत्याच्या घरी मात्र सोयरीक जुळू शकते. त्यामुळे थोरल्या भावाला मान द्यायचा आणि मच्चानची थट्टा करायची. मित्राला मच्चान म्हणणे म्हणजे थट्टेचा हा हक्क त्याला देणे. ‘माप्ळे’ हा ‘माप्पिळ्ळै’चा, म्हणजे जावयाचा किंवा नवरदेवाचा, बोलण्यातला अवतार.

आता मूळ पाहू. ग्रांथिक तमिळमध्ये मेहुण्याला ‘मैत्तुनन्’ म्हणतात. बोलताना ‘वैत्तु’ (ठेवून) याचे ‘वच्चु’ होते; तसेच मैत्तुननचे ‘मच्चिनन्’ आणि मच्चान झाले. मैत्तुनन आला संस्कृत ‘मैथुन’वरून, ज्याच्या मुळाशी जोडी हा अर्थ आहे. आपला ‘मेहुणा’ त्याच शब्दाचा, आणि सणाला जेवायला बोलावतात ते ‘मेहूण’ही! व्यंकोजीराजांबरोबर आलेल्या मराठ्यांनी हा शब्द तंजावरला नेला, असे मात्र समजू नका. मराठ्यांचे राज्य तिथे सतराव्या शतकात आले आणि 1855 पर्यंत टिकले. आंडाळने तर त्याच्या कित्येक शतके आधी आपल्या ‘नाच्चियार तिरुमोळी’त कृष्णाला मैत्तुनन म्हटले आहे.

आपल्यापैकी काहीजण पुढे खडकवासल्याला जातील. तिथे तमिळ सोबती ‘मच्चान’ म्हणाला आणि कोणी त्याचे हिंदी ‘साला’ असे करून सांगितले, तर हात उगारू नका. त्याने तुम्हाला आपले मानले आहे. मद्रास रेजिमेंटच्या जवानांना सैन्यात ‘तंबी’ म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. तंबी मोठ्याने लहानाला म्हणायचे, मच्चान बरोबरीच्याला. सुभेदारसाहेबांवर दोन्हींचा प्रयोग नको. आणि खेड्यात एखादी मुलगी कोणाला मच्चान म्हणाली, तर तो बहुधा तिचा नवरा असतो, किंवा होणारा नवरा.