पॉलिसी संपायच्या आत

“एकतीस तारखेच्या आत अण्णांचं सगळं चेक करून टाकतो, ताई. काही निघालं तर कंपनीच्या पॉलिसीत तरी बसेल.”

वरच्या मजल्यावरचा मुलगा लिफ्टमध्ये मला सांगत होता. मुलगा म्हणायचं ते सवयीने, वय ४६. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत अठरा वर्षं काढल्यावर त्याच्या हातात शेवटच्या दिवसाची तारीख पडली होती. टीसीएसने २०२५च्या जुलैत सुमारे १२ हजार जणांना, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्क्यांना, कमी करायचं जाहीर केलं. पुढचं सगळं आपण रोजच्या पेपरात वाचलं आहे. या मुलाची कंपनी दुसरी, पण गोष्ट तीच: मधली फळी, बरा पगार, वय चाळिशीच्या पुढे. रात्री एक वाजेपर्यंत त्याच्या खोलीतला दिवा चालू असतो. बायोडेटा पुन्हा लिहायचा, जुन्या सहकाऱ्यांना रेफरलसाठी मेसेज टाकायचा, चार ओळींचं उत्तर आलं तरी तेवढ्यावर आठवडा काढायचा.

नोकरी गेली की पगार थांबतो, हे सगळ्यांना दिसतं. बहुतेक कंपन्यांत त्याच दिवशी आईवडिलांचं विमा संरक्षणही संपतं, याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. ग्रुप मेडिक्लेममध्ये आईबाबांचं नाव घालता येतं, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, तपासण्या न करता कार्ड मिळतं. आयटीतल्या हजारो घरांनी म्हणूनच म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी पॉलिसी घेतलीच नाही. आणि मग नोटीस पिरियडच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत धावपळ सुरू होते. मोतीबिंदू उरकून घ्या, हर्निया उरकून घ्या. मोतीबिंदूचं समजू शकतं, दिसत नाही म्हणूनच ते ऑपरेशन करायचं असतं. माझा जीव अडकतो तो ‘काही निघतंय का बघू’ या वाक्यात.

तपासणीच्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. सकाळी साडेसहाला रक्त न्यायला माणूस आला. अण्णा म्हणजे त्याचे वडील, ७८ वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. रात्रीपासून पोटात काही नाही, चहासुद्धा नाही. कोपराच्या घडीत शीर सापडेना. दोनदा टोचून झाल्यावर त्याने हाताच्या मागच्या बाजूने रक्त घेतलं, जांभळ्या, पिवळ्या आणि करड्या टोपणांच्या नळ्यांत. अण्णांनी कापूस दाबून धरला आणि विचारलं, “एवढं पुरे का?” संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एकोणीस पानांचा रिपोर्ट आला. सत्तरच्या वर चाचण्या, सहा आकडे लाल. त्यातला एक पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्तचाचणी: ५.९. शेजारी छापलेलं, ४ पर्यंत नॉर्मल. त्या रात्री त्या घरात कुणी धड झोपलं नाही.

लाल आकड्याचं गणित प्रत्येक पॅकेजवर छापायला हवं, पण ते कुठेच नसतं. ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुतेक चाचण्यांत अशी ठरते: निरोगी माणसांचे आकडे घ्यायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. म्हणजे ठणठणीत माणसातही दर वीस चाचण्यांमागे सरासरी एक आकडा रेषेबाहेर जाणारच. सत्तर चाचण्या केल्या की तीन-चार लाल बाण आजार नसतानाही यायचे. ‘जास्त चाचण्या, जास्त काळजी’ असं जाहिरातीत म्हणतात. त्यातला ‘काळजी’ हा शब्द घरच्यांच्या वाट्याला वेगळ्याच अर्थाने येतो. पीएसए तर वयाबरोबर वाढतोच, प्रोस्टेट ग्रंथी नुसती मोठी झाली तरी वाढतो, लघवीच्या संसर्गातही वाढतो.

आता खरा प्रश्न. समजा अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. मग?

हे समजायला गिल्बर्ट वेल्च या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केलेली एक उपमा मला फार उपयोगी वाटते. एक कुंपण आहे, आत पक्षी, ससे आणि कासवं. पक्षी म्हणजे इतका जलद कॅन्सर की कुंपण घालायच्या आधीच तो उडून गेलेला असतो, तपासणीने हाती लागत नाही. ससे पळतील, पण वेळेवर कुंपण घातलं तर सापडतील, तपासणीचा सगळा फायदा या सशांपुरता. आणि कासवं कुठेच जाणार नाहीत, त्यांना कुंपणाची गरजच नाही. म्हातारपणी होणाऱ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये कासवं पुष्कळ. दुसऱ्याच कारणाने वारलेल्या ऐंशीच्या आसपासच्या पुरुषांची शवविच्छेदनं तपासली तेव्हा जवळपास निम्म्यांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर सापडला. त्यांना तो जन्मभर जाणवलाही नव्हता. पण कासव एकदा दिसलं की घरातलं कुणी स्वस्थ बसत नाही. बायोप्सी होते, तिच्यात रक्तस्राव आणि संसर्गाचा धोका. पुढे ऑपरेशन किंवा रेडिएशन, आणि त्यानंतर लघवीवर ताबा न राहण्याची शक्यता.

दक्षिण कोरियात हे एका देशाच्या पातळीवर घडलं. १९९९मध्ये तिथे कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थायरॉइड त्या मोहिमेत नव्हताच. पण रुग्णालयांनी आणि दवाखान्यांनी थोडे पैसे जास्त घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडीला द्यायला सुरुवात केली, आपल्याकडे पॅकेजमध्ये ‘ॲड-ऑन’ देतात तशीच. २०११ साली थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर माणसांना सांगण्यात आलं की तुम्हाला कॅन्सर आहे. आणि थायरॉइड कॅन्सरने होणारे मृत्यू? होते तेवढेच राहिले. बहुतेकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि ती काढली की गोळी आयुष्यभराची. २०१४मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनीच जाहीरपणे याविरुद्ध आवाज उठवला आणि वर्षभरात ऑपरेशनं एक तृतीयांशाहून जास्त घटली. मी हे जिला जिला सांगते, ती आधी विश्वास ठेवत नाही. लवकर कळलं तर वाईट कसं, हा तिचा प्रश्न बरोबरच असतो.

त्याचं उत्तर काळात आहे, आणि या लेखात एकच गोष्ट लक्षात राहावी असं मला वाटत असेल तर ती हीच. तपासणीचा त्रास आज होतो, फायदा नंतर मिळतो. किती नंतर? स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीत, हजारांत एक मृत्यू टळायला साधारण दहा वर्षं लागतात, असं मोठ्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो. पन्नाशीच्या बाईला ही दहा वर्षं नक्कीच आहेत. ऐंशीच्या, हृदय आणि किडनी दोन्ही थकलेल्या आजोबांना बहुधा नाहीत. अमेरिकेतल्या अधिकृत तज्ज्ञगटानेही २०१८मध्ये सांगितलं की ७० वर्षं आणि पुढच्या पुरुषांची पीएसए तपासणी करू नये. मे २०२५मध्ये जो बायडेन यांना हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर निघाला आणि त्यांची शेवटची पीएसए २०१४ सालची असल्याचं कळलं, तेव्हा जगभर ओरड झाली. तो प्रश्न खोटा नाही. एखादा ससा असा निसटतो. पण एका सशासाठी किती कासवांवर सुरी चालवायची, हा हिशेब डॉक्टरांनी प्रत्येक माणसासमोर मांडायला हवा, आणि पॅकेजमध्ये त्या बोलण्याला जागा नसते.

मी तपासण्यांच्या विरुद्ध आहे असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून आपल्याच मातीतली गोष्ट सांगते. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, ४९७ गावांत १९९९पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं आणि टाटा मेमोरियल त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख तीस हजार बायका. एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी केली आणि ज्यांच्यात काही आढळलं त्यांच्यावर उपचार केले. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू त्या गटात जवळपास निम्मे झाले होते. २००९मध्ये हे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आजही जगभर त्याचा दाखला देतात. ज्वारीच्या रानातून उठून, डोक्यावर पदर घेऊन तपासायला आलेल्या त्या बायकांचं आपल्यावर ऋण आहे. योग्य वय, योग्य चाचणी, आणि काही निघालं तर पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं. म्हणून ते जमलं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत ७८ वर्षांच्या सासऱ्यांचं दरवर्षी पॅकेज होतं आणि ४२ वर्षांच्या सुनेची ही एक चाचणी आजवर कधीच झालेली नसते.

विम्याच्या अंगानेही ही घाई महागात पडते. शेवटच्या आठवड्यात ‘निघालेली’ गोष्ट नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर सांगावीच लागते. लपवली तर पुढे दावा फेटाळला जातो, तो विचार कुणी मनातही आणू नये. पण खरं सांगितलं की तो पूर्वीपासूनचा आजार ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, किंवा कंपनी पॉलिसीच नाकारू शकते. म्हणजे काही त्रास नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळी आजाराचं नाव लागतं, उपचार पंधरा दिवसांत पुरे होत नाहीत, आणि पुढची दारं अरुंद होतात.

त्याच दिवसांत करण्यासारखं दुसरं बरंच आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ मोजला जातो. मात्र त्याची विचारणा शेवटच्या दिवसाच्या आधी, एचआरकडे, लेखी करायला हवी. विमा कंपनी प्रकृती बघून ठरवते हे खरं, पण विचारायचंच राहून गेलेली माणसं जास्त. पासष्टीनंतर पॉलिसी मिळत नाही हा समज आता जुना झाला. एप्रिल २०२४पासून वयाची ती अट गेली आहे. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. आणि अण्णांसारख्या सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालं, उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार, जुने आजार पहिल्या दिवसापासून. घरात दोघं सत्तरीच्या पुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून, आणि रुग्णालय योजनेच्या यादीत हवं. घराजवळचं कुठलं आहे ते आजच बघून ठेवा. अण्णांचं कार्ड काढलंच नव्हतं. “मुलाची पॉलिसी आहे ना,” एवढंच त्यांचं म्हणणं.

रिपोर्ट घेऊन आम्ही माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर माणसं बघणारे डॉक्टर. त्यांनी एकोणीस पानं चाळली, शुगर आणि क्रिएटिनिनवर बोट ठेवलं, पीएसएबद्दल लघवीचे चार प्रश्न विचारले, आणि अण्णांचं वय, त्यांची आधी होऊन गेलेली अँजिओप्लास्टी आणि पुढचे धोके धरून सगळं नीट समजावलं. घाई काही नाही, त्रास सुरू झाला तर बघू, असं अण्णांनीच ठरवलं. मग डॉक्टरांनी फाइल मिटली आणि खरी तपासणी सुरू केली. ती कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हती.

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. अण्णांना एकोणीस लागले. वळताना त्यांनी टेबलाची कड धरली. त्यांच्या मुलाने ते पहिल्यांदा पाहिलं, एकाच घरात राहून. मग झोपवून बीपी, उभं करून पुन्हा बीपी: वरचा आकडा सव्वीसने खाली. वीसने खाली आला तरी चक्कर येऊन पडायला पुरतं. “गेल्या महिन्यात बाथरूममध्ये तोल गेला होता,” अण्णा म्हणाले, “सांगितलं नाही. हा आधीच टेन्शनमध्ये.” या वयात खुबा मोडला की माणूस पुन्हा आपल्या पायावर चालेलच असं नाही, आणि वर्षभरातच दगावणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, हेही तिथेच कळलं. घरात सगळ्यांना वाटायचं, ते आजकाल गप्प गप्प असतात.

शेवटी डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. आम्ही दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. पिशवी टेबलावर ओतली. हृदयाच्या डॉक्टरांच्या, शुगरवाल्यांच्या, कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिलेल्या, गावाकडून आणलेल्या. डॉक्टरांनी दोन स्ट्रिप बाजूला काढल्या, एक निळी, एक चंदेरी. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत वेगवेगळी नावं. त्यांनी दोन्ही अण्णांच्या हातात दिल्या आणि खालची बारीक अक्षरं वाचायला सांगितली.

अण्णांनी खिशातून भिंग काढलं. स्टँडवर गाडीचा नंबर पुकारावा तसं स्पष्ट वाचलं, “ॲम्लोडिपिन.” मग दुसरी स्ट्रिप डोळ्यांजवळ नेली आणि थोडा वेळ तशीच धरली.

“हीसुद्धा ॲम्लोडिपिन,” ते मुलाकडे बघून म्हणाले.