लॅपटॉप भंगारात देण्याआधी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसेना. यंत्र मात्र ठणठणीत! भंगारात द्यायला मन होईना, म्हणून लिनक्सकडे वळलो.

लिनक्स हा खरं तर गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ साली, फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिहिला. त्याभोवती खिडक्या, मेन्यू, ब्राउझर रचले की तयार होतं डिस्ट्रिब्युशन. पीठ एकच, कुणी भाकरी थापतं, कुणी थालीपीठ.

मग नवशिक्यानं काय घ्यावं? उबुंटू २००४ पासून आहे. त्यावरच बेतलेलं मिंट २००६ साली आलं. त्याचा मेन्यू खाली डावीकडे असल्यानं विंडोजची सवय असलेला हात चाचपडत नाही. रॅम किमान २ जीबी हवी, सुखानं चालायला ४ जीबी. यंत्र थकलेलं असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. मी तीच घेतली.

आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. त्यात मूळ विंडोजला धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन तपासा. तुमचं काम विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर अडत असेल, तर मात्र थांबा.

सगळं जमलं, तरी घाई नको. इन्स्टॉल करताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडलात, तर घरचे फोटोही जातील. ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा, उघडून खात्री करा आणि मगच पुढचं बटण दाबा.