पोलादी हत्ती, सोनेरी कडा

६ मार्च १८६७. दुधना नदीच्या काठी एका पडक्या बंगल्याच्या भिंतीवर सरकारी जाहीरनामा डकवलेला आहे. सत्तावनच्या बंडाच्या एका म्होरक्याला जिवंत किंवा मेलेला हजर करणाऱ्याला दोन हजार पौंड इनाम. औरंगाबादचे लोक तो वाचतात, पण म्होरक्याचे नाव कोणालाच वाचता येत नाही. कागदाचा तेवढा कोपरा एका फकिराने फाडून टाकला आहे. ते नाव असते नानासाहेब पेशव्यांचे. ज्यूल व्हर्नची ‘ला मेझाँ आ व्हापर’, म्हणजे वाफेचे घर, ही कादंबरी अशी आपल्या मराठवाड्यात उघडते.

व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नाही, आणि ते लपतही नाही. दुधना औरंगाबादेतून वाहत नाही, शहराची नदी खाम. जाहीरनामा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या नावाने निघालेला, औरंगाबाद मात्र निजामाच्या मुलखात.  १८६७ साली तिथे गादीवर होते अफझल-उद्-दौला. इनामातही व्हर्नने हात आखडताच घेतला. इंग्रजांनी १८५८मध्ये नानासाहेबांवर एक लाख रुपये लावले होते. दोन हजार पौंडांचे तेव्हा जेमतेम वीस हजार होत.

कथा अशी: कर्नल मन्रो नावाच्या इंग्रजाची बायको कानपूरच्या कत्तलीत गेली असे तो समजतो, आणि त्याला नानाचा सूड घ्यायचा आहे. बँक्स नावाचा इंजिनिअर त्याला प्रवासाला काढतो, तो एका अजब वाहनातून. भूतानच्या राजासाठी बनवलेला वीस फूट उंच पोलादी हत्ती, पोटात बॉयलर, सोंडेतून धूर, डोळ्यांत दिवे, मागे चाकांवरची दोन घरे. हा हत्ती कलकत्त्याहून हिमालयाकडे निघतो. ट्रॅव्हल कंपन्यांच्या आजच्या यात्रा-बसगाड्यांत इतकी ऐट नाही.

पण संग्राहक जीव टाकतात तो या पुस्तकाच्या रूपावर. प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल याने ही कादंबरी डिसेंबर १८७९पासून मुलांसाठीच्या आपल्या पाक्षिकात क्रमशः छापली आणि १८८०मध्ये मोठ्या आकाराचे सचित्र पुस्तक काढले. चित्रे लेआँ बेनेतची. हा मूळचा सरकारी नोकर. अल्जेरिया, कोचिनचीन, न्यू कॅलेडोनिया अशा फ्रेंच वसाहतींत राहिलेला. उष्ण देशातली झाडी आणि गर्दी त्याच्या हाताला सरावाची होती, म्हणून त्याची चित्रे व्हर्नच्या वर्णनापेक्षा जास्त पटतात.

त्या काळी चित्र थेट छापता येत नसे. चित्रकार काढी, मग खोदकाम करणारे कारागीर ते बॉक्सवुड या टणक लाकडाच्या आडव्या छेदावर कोरत. जे पांढरे हवे ते तीक्ष्ण सळईने काढून टाकायचे, जे उरते त्याला शाई लागते. या झाडाचा बुंधा बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी छोटे ठोकळे एकमेकांना जोडून घेत. जुन्या छापाच्या चित्रांत एखाद्या आभाळातून केसाएवढी पांढरी रेघ सरळ जाताना दिसली, तर ती बहुधा त्या सांध्याची.

बाहेरची बांधणीही तितकीच विचारपूर्वक केलेली. खळ दिलेले रंगीत सुती कापड, त्यावर तापवलेल्या पितळी ठशाने दाबलेले सोनेरी आणि काळे नक्षीकाम, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा. लाल रंग सर्वांत ओळखीचा, पण निळ्या-हिरव्या प्रतीही निघत. नववर्षाच्या भेटीसाठी डिसेंबरात ही पुस्तके दुकानांत मांडली जात. हेत्झेलच्या एका प्रसिद्ध बांधणीला संग्राहक ‘दोन हत्तींची’ म्हणतात. तिचा या पोलादी हत्तीशी संबंध नाही. तोच ठसा व्हर्नच्या इतर कादंबऱ्यांवरही चालला.

घरात मुलाच्या हाती द्यायचे पुस्तक म्हटल्यावर मजकुरावरही हेत्झेलचा हात फिरणारच. ‘समुद्राखाली वीस हजार कोस’मधला कॅप्टन निमो व्हर्नला रशियाशी वैर असलेला पोलंडचा सरदार करायचा होता. रशियात पुस्तके खपत असल्याने हेत्झेलला ते पटले नाही. पुढे १८७५च्या ‘गूढ बेटा’त निमो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र, टिपू सुलतानचा नातलग, सत्तावनमध्ये लढलेला. तिथे बंडखोर नायक आहे. पाच वर्षांनी वाफेच्या घरात बंडखोरच खलनायक, आणि तोही पेशवा. व्हर्न त्याला ‘नबाब’ म्हणतो, हे तर मराठी वाचकाला हसूच आणील. हसू मावळते ते झाशीच्या राणीपाशी. ती ग्वाल्हेरजवळ खुद्द मन्रोच्या हातून मारली जाते, असे व्हर्नने बेधडक रचले आहे. इंग्रजांनी बंडानंतर केलेल्या कत्तलींवरही त्याने एका प्रकरणात लिहिले आहे, हे खरे. पण सूड पुरा करण्याचा हक्क त्याने दिला तो मन्रोलाच.

आपल्याकडे व्हर्न पोचवला भा. रा. भागवतांनी. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचून वाढलेल्या पिढीला पोलादी हत्ती नक्कीच आवडला असता. नानासाहेबांचे काय करायचे हा प्रश्न मात्र भागवतांनाही सोपा गेला नसता. व्हर्नच्या जन्मगावी नाँतमध्ये ही अडचण नाही. तिथे २००७पासून लाकूड-पोलादाचा बारा मीटर उंच यांत्रिक हत्ती पाठीवर माणसे घेऊन फिरतो. त्या हत्तीला ना मन्रो आहे, ना नाना.

कादंबरीत मात्र नानाला पकडून हत्तीच्या मानेवर बांधतात, आणि बॉयलर फुटून दोघांचे तुकडे होतात. तरीही त्या भागातले लोक नाना मेला हे मानायला तयार नसतात. व्हर्नच्या साऱ्या कल्पनांपैकी एवढी एक कल्पना नव्हती. खरे नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले, पुढचा माग कोणाला निश्चित सांगता आला नाही, आणि ते जिवंत असल्याच्या बातम्या पुढे कितीतरी वर्षे येत राहिल्या.