सांभाळणाऱ्या मावशींचा हिशेब

न्यू जर्सीतील एडिसन किंवा कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट यांसारख्या गावी स्थायिक झालेल्या मराठी दांपत्याच्या घरी मूल जन्मले, भारतातून आलेले आजीआजोबा मुक्कामाची मुदत संपताच परतले आणि आईची प्रसूतिरजा सरली, की त्या घरात एक नवे माणूस येऊ लागते. कोणी तिला नॅनी म्हणते, कोणी बेबीसिटर. पण थोड्याच दिवसांत ती मुलाची, आणि मग साऱ्या घराची, मावशी होते. तिचा मेहनताना स्वयंपाकघरातील टेबलापाशी तोंडी ठरतो, दर शुक्रवारी रोख हातावर ठेवला जातो, आणि हा घरातला मामला आहे, त्यात सरकारदरबारचा संबंध काय, अशा समजुतीवर तो शिरस्ता वर्षानुवर्षे चालतो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचा मोठा भुर्दंड मालकाला नव्हे, तर मावशींना त्यांच्या उतारवयात भरावा लागतो, म्हणूनच या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले.

या समजुतीचे मूळ पुष्कळदा मायदेशातील सवयीत असते. पुण्यामुंबईत धुण्याभांड्याला किंवा मूल सांभाळायला येणाऱ्या बाईंच्या पगारावर घरमालकाला कर भरावा लागत नाही. २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, पण त्याखाली नोंदणी करावयाची ती कामगाराने. अमेरिकेत मात्र घरात कामाला ठेवलेल्या व्यक्तीला एका वर्षात ठराविक रकमेहून कमी नाही इतके रोख वेतन दिले, की घराचा मालक कायद्याच्या दृष्टीने नोकरीदाता ठरतो आणि त्या वेतनावर त्याला कर भरावा लागतो. २०२५ सालासाठी ही मर्यादा २,८०० डॉलरची होती. आठवड्याला साठ डॉलर दिले तरी वर्षअखेरीस ती ओलांडली जाते, मग पूर्णवेळ मावशींची गोष्ट ती काय! येथे ‘रोख’ या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. चेकने अथवा बँकेतून परस्पर पैसे पाठवले म्हणजे कायदा पाळला गेला आणि नोटा दिल्या म्हणजे तो मोडला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः नोटा देणे गुन्हा नाही आणि चेक देणे पुरेसे नाही. कायद्याच्या भाषेत दोन्ही रोख वेतनच, आणि दोन्हींवर देणे सारखेच.

सर्वांत रुजलेला गैरसमज वेगळाच आहे, आणि तो शिकलेल्या, हिशेबी माणसांत अधिक आढळतो. स्वतः कंत्राटी पद्धतीने काम केलेले लोक म्हणतात, की मावशींना वर्षाअखेर १०९९ नावाचा दाखला देऊन टाकावा, म्हणजे त्या स्वतंत्र व्यावसायिक ठरतील आणि आपला कर त्या आपल्या आपण भरतील. परंतु कोण नोकर आणि कोण कंत्राटदार हे दाखल्याच्या मथळ्यावरून ठरत नाही, आणि दोघांनी परस्परसंमतीने तसे लिहून घेतल्यानेही ठरत नाही. काम कोणते आणि ते कसे करावयाचे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे, यावरून ठरते. नळदुरुस्तीवाला स्वतःची अवजारे घेऊन स्वतःच्या सवडीने येतो, दहा घरी काम करतो, आणि नळ कसा जोडावा हे आपण त्याला शिकवीत नाही, तो कंत्राटदार. मावशींनी सकाळी आठला यायचे, बाळाला वरणभात अकरा वाजता भरवायचा, दुपारी बाबागाडीतून फिरवून आणायचे आणि दूरदर्शनसंच लावायचा नाही, हे ज्या घरात आपण ठरवतो, त्या घरात मावशी आपल्या नोकरीत आहेत. कंत्राटदार म्हणवून त्यांच्यावर नोकरदाराचा आणि मालकाचा असा दुहेरी हिस्सा लादणे ही नकळत केलेली असली तरी फसवणूकच होय, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील हाच सर्वांत कठोर अन्याय आहे.

हा दुहेरी हिस्सा किती, हे पाहिले म्हणजे मनातील भीतीही बरीचशी ओसरते. सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेसाठी वेतनाच्या ६.२ टक्के आणि मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के, असे ७.६५ टक्के मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचे, आणि तेवढेच मावशींच्या पगारातून कापून घ्यायचे, किंवा इच्छा असेल तर तेही आपणच सोसायचे. ताशी वीस डॉलरने आठवड्याला तीस तास आणि वर्षाला पन्नास आठवडे काम धरले तर वार्षिक वेतन ३०,००० डॉलर होते; त्यावर मालकाचा हिस्सा २,२९५ डॉलर, म्हणजे आठवड्याला सुमारे ४६. केंद्रीय बेकारीकर पहिल्या ७,००० डॉलरपुरताच असतो, आणि राज्याचा बेकारीकर वेळेवर भरला तर तो बहुधा ४२ डॉलरवर थांबतो. राज्याचा स्वतःचा दर अर्थातच राज्यागणिक वेगळा. उलट कायदेशीर पगार दिल्यानेच काही सवलती पदरात पडतात. आईबापांच्या कंपनीत बालसंगोपनखर्चाचे करमुक्त खाते असेल, तर २०२५ पर्यंत त्यात ५,००० डॉलर ठेवता येत आणि २०२६ पासून ७,५०० ठेवता येतात. २२ टक्के आयकराच्या पट्ट्यातील आणि पूर्ण सोशल सिक्युरिटी कर भरणाऱ्या कुटुंबाचे त्या ५,००० डॉलरवर जवळजवळ दीड हजार वाचत. मात्र ही सवलत मागताना सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि करक्रमांक विवरणपत्रात लिहावा लागतो, म्हणजे लपवलेल्या पगारावर ती मिळतच नाही. आयकर कापण्याविषयीही विनाकारण धास्ती असते. मावशींनी मागितला आणि मालकाने मान्य केला तरच तो कापायचा, एरवी सक्ती नाही.

घरकामगारांच्या वेतनावरील कराची ही तरतूद कोठून आली, हे जाणून घेणे केवळ कुतूहलाचे नाही. १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या स्वाक्षरीने सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला, तेव्हा घरकाम करणारे आणि शेतमजूर त्यातून वगळले गेले. म्हणजे ज्यांच्या म्हातारपणाला आधार नव्हता, तेच आधाराबाहेर राहिले. १९५० च्या दुरुस्तीने १९५१ पासून घरकामगारांना आत घेतले, पण तिमाहीस पन्नास डॉलरची मर्यादा ठरवली ती चार दशकांहून अधिक काळ तशीच राहिली, आणि महागाईने ती इतकी क्षुल्लक केली की बहुतेकांनी कायदाच विसरून टाकला. १९९३ च्या जानेवारीत महान्यायवादी पदासाठी नामनिर्देशित झालेल्या झोई बेअर्ड यांनी कामाचा परवाना नसलेल्या दांपत्यास घरी ठेवून त्यांचा सोशल सिक्युरिटी कर भरला नव्हता, हे उघड झाले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. तेव्हा कोठे देश जागा झाला. पुढच्याच वर्षी कायदा बदलून मर्यादा वर्षाला हजार डॉलर झाली, पुढे ती वेतनमानाप्रमाणे वाढत जाईल अशी सोय झाली, आणि तिमाही कागदांच्या जागी स्वतःच्या आयकर विवरणपत्रासोबत शेड्यूल एच नावाचे एक पत्रक जोडण्याची सुटसुटीत रीत आली.

मावशींच्या बाजूने पाहिले, की या पत्रकाचे मोल कळते. २०२५ साली प्रत्येक १,८१० डॉलरच्या नोंदलेल्या मिळकतीस एक श्रेयांक मिळत असे, वर्षाला अधिकात अधिक चार; असे चाळीस श्रेयांक, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोंद, जमले की सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन आणि मेडिकेअरचा रुग्णालयविमा हप्त्याविना मिळतो. मुलाबाळांच्या मागून पन्नाशीत अमेरिकेत आलेल्या, हिरवे कार्ड मिळालेल्या आणि इतरांची मुले वाढवीत बारा वर्षे घालवलेल्या बाईंच्या दफ्तरी जर एकही डॉलर नोंदलेला नसेल, तर बासष्टीला हाती काय येणार?

नातेवाईक आणि पाहुणे यांविषयी थोडे स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वतःच्या आईस किंवा वडिलांस मोबदला दिला तर काही अपवाद वगळता हे कर लागत नाहीत. पण पर्यटक व्हिसावर आलेल्या आईने मोबदला घेऊन काम करणेच नियमबाह्य आहे, प्रेमाने नातू सांभाळण्याची गोष्ट निराळी. शेजारच्या घरी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या आणि कामाचा परवाना नसलेल्या ताईंना पगारावर ठेवता येत नाही. म्हणून कामावर घेतल्यापासून तीन कार्यदिवसांच्या आत आय-९ हा ओळखीचा व परवान्याचा दस्तऐवज भरून ठेवावा. आणि परवाना नसलेल्यास ठेवले म्हणून कर माफ होतो, असेही नाही.

तासांचाही हिशेब असाच दुर्लक्षिला जातो. महिन्याला ठोक रक्कम ठरवली की वाढीव कामाचा प्रश्न उरत नाही, हे खरे नाही: घरी न राहणाऱ्या मावशींना आठवड्यातील चाळिसाव्या तासानंतर दीडपट दर द्यावा लागतो. घरातच राहणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने दीडपट नसला, तरी किमान वेतन आहेच, आणि राज्ये याहून पुढे गेली आहेत. न्यू यॉर्कने २०१० साली घरकामगारांची हक्कसनद केली. न्यू जर्सीची १ जुलै २०२४ पासून अंमलात आली असून तिने लेखी करार आवश्यक केला आहे.

प्रत्यक्ष करावयाचे ते थोडेच आहे. मालकाचा करक्रमांक विनामूल्य मिळतो. राज्याच्या श्रमखात्याकडे नाव नोंदवावे, अपघातविम्याची राज्यात सक्ती आहे काय ते पाहावे, प्रत्येक आठवड्याचे तास आणि वेतन वहीत लिहून मावशींनाही त्याची प्रत द्यावी, वर्षअखेरचा डब्ल्यू-टू हा वेतनाचा दाखला ३१ जानेवारीच्या आत त्यांच्या हाती द्यावा. वर्षाअखेर एकदम मोठी रक्कम भरण्याची तोशीस नको असेल, तर स्वतःच्या नोकरीतील आयकरकपात तेवढी वाढवून घेता येते.

आणि जे आजवर भरले नाही, त्याचे? मागील वर्षांचे पत्रक विलंबाने भरता येते. व्याज व दंड पडतो, पण तो बहुधा लपवाछपवी उघड होण्यापेक्षा स्वस्त असतो. उघड कसे होते, तर मूल शाळेत जाऊ लागल्यावर मावशींचे काम सुटते, त्या बेकारीभत्त्यासाठी अर्ज करतात, अर्जावर शेवटच्या मालकाचे नाव लिहितात, आणि राज्याचे दफ्तर त्या नावाचा शोध घेते. परंतु मालकाहून मावशींची मुदत कडक आहे. त्यांच्या मिळकतीच्या नोंदीतील चूक सर्वसाधारणपणे त्या वर्षाच्या अखेरीनंतर तीन वर्षे, तीन महिने आणि पंधरा दिवसांच्या आत दुरुस्त करून घ्यावी लागते. त्यानंतर अपवादांचा मार्ग उरतो, पण मग पुरावे हुडकण्याचा भार त्यांच्यावर पडतो. २०२२ साली दिलेल्या पगारासाठी ती तारीख १५ एप्रिल २०२६ आहे, आणि २०२३ च्या पगारासाठी १५ एप्रिल २०२७.